चौसष्ट डिग्रीचं घर

माझ्या अक्षराबद्दल आणि ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, आणि त्यानंतर हातात पेन आलं ते सहीपुरतंच. जे काही वळण बसलं होतं ते पोळ्या लाटता लाटता गेलं. माफी कोणाची मागते आहे ते मलाही सांगता येणार नाही. मुलीला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. दुसरं कोणी ही वही उघडेल असं वाटत नाही. पण घर आवरलेलं असलं तरी दारातल्या पाहुण्याला आपण म्हणतोच ना, पसारा आहे हं जरा. तसं समजावं.

आम्ही शिकागोत राहतो. ‘आम्ही’ असं सवयीनं लिहिलं गेलं. आता मी एकटीच राहते. घर लहान आहे, जुनं, विटांचं. खाली बेसमेंटमध्ये बॉयलर आहे. त्यातलं गरम पाणी पाइपांमधून खोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरतं, तेव्हा घर तापतं. हे एका देशी ग्रोसरीच्या गोदामात कामाला होते. मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका दुकानाच्या मागच्या किचनमध्ये पोळ्या लाटते, अजूनही.

ह्यांचा एक दोस्त होता. दोघं एकाच सुमाराला या देशात आले, बायका इकडे येईपर्यंत एका खोलीत राहिले, एकाच गोदामात लागले. ते मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भावजी म्हणते. हातात पाना दिला की भावजींना दुसरं काही लागत नाही.

एका जानेवारीत आमचा बॉयलर फुटला. बाहेर नाकातला श्वास गोठेल अशी थंडी. नवा घ्यायचा तर सहा हजार डॉलर, आणि आमच्याकडे त्यातले सहाशेही नव्हते. भावजींनी दुसऱ्याच दिवशी चेक आणून टेबलावर ठेवला. ते पैसे त्यांनी स्वतःचं बेसमेंट नीट करून घ्यायला साठवले होते, हे आम्हाला माहीत होतं.

हे म्हणाले, “अरे, तुझ्या घरी वहिनींना विचारलंस का?”

“लेका, बेसमेंट कुठं पळून जातंय? तू गारठून मेलास तर डब्यातली चटणी मला कोण देणार?”

“दिवाळीच्या आत देतो.”

“दे रे. मी काय पावती मागतोय?”

बॉयलर बसला. पण तो चालू-बंद करणारा, हॉलमधल्या भिंतीवरचा जुना गोल थर्मोस्टॅट मुका झाला होता. त्याची तार भिंतीच्या आत कुठंतरी तुटली होती. भिंत फोडायची तर परत खर्च. म्हणून भावजी रविवारी बॅटरीवर चालणारा एक थर्मोस्टॅट घेऊन आले. पांढरा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, मागे उभं राहायला टेकू. त्याची जोडीची डबी त्यांनी खाली बॉयलरजवळ भिंतीला लावली आणि तारा जोडल्या. मग हे वर आणि भावजी खाली, असे दोघं जिन्यातून ओरडत बसले.

“दाबलंस का?”

“दाबलं!”

“धरून ठेव! सोडू नको!”

“किती वेळ? बोट दुखतंय माझं!”

“गोणी उचलताना नाही दुखत!”

खाली हिरवा दिवा लागला, बॉयलर घुर्र करून सुरू झाला, आणि दोघांनी पोरांसारखी टाळी दिली.

मी विचारलं, “ह्याला तारच नाही?”

“नाही वहिनी. फोनसारखं आहे. हा इथून सांगतो, तो खाली ऐकतो. दोन सेल घातले की झालं. जिथं ठेवाल तिथली ऊब हा मोजतो. कमी वाटली की खाली सांगतो, तापव. पुरे झाली की सांगतो, थांब. फक्त शेगडीजवळ ठेवू नका हं. नाहीतर त्याला वाटेल, सगळं घरच तापलंय.”

हे म्हणाले, “म्हणजे घरात ऑर्डर सोडणारं अजून एक माणूस आलं.”

मला ते यंत्र आवडलं. संध्याकाळी ते किचनमध्ये असायचं, जेवणं झाली की बैठकीत, आणि निजायच्या वेळी मी ते दोन्ही हातांत धरून आतल्या खोलीत न्यायची. आपण जाऊ तिथं ते यायचं. ह्यांनी त्याला दसऱ्याच्या पूजेतही घेतलं. पाट मांडून त्यावर पक्कड, गाडीची किल्ली, माझं लाटणं आणि हा थर्मोस्टॅट. सगळ्यांना हळद-कुंकू. आणि त्याच दिवशी त्यात नवे सेल. “वर्षाचं खाणं घातलं त्याला,” असं म्हणायचे.

पण दिवाळीच्या आत पैसे देणं जमलं नाही. गोदामात ह्यांचे तास कमी केले. थोडे थोडे दिले, पण ते वाळूच्या ढिगातून मूठ उचलावी तसे.

पुढच्या संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं. मला चार बायकांत बोलायला सुचत नाही, म्हणून मी करायचं टाळते, पण हे म्हणाले, आपण सगळीकडे जातो, एकदा बोलवायला हवं. बायका आल्या, कोट काढून बसल्या. एक काकू रेडिएटरजवळ हात शेकत म्हणाल्या, “किती छान गरम आहे हो तुमच्याकडे. आमच्याकडे मेलं तळपाय गारच.”

मी भावजींच्या बायकोच्या हातावर तिळगूळ ठेवत होते. ती हसून म्हणाली, “गरम असायलाच हवं. आमचं अख्खं बेसमेंट जळतंय ना त्यात!”

काहीजणी हसल्या. काहींना कळलं नाही, त्या दुसऱ्यांकडे बघून हसल्या. मी वाण द्यायला पुढच्या बाईकडे वळले. काय दिलं, कोणाला दिलं, मला आठवत नाही. ती वाईट बाई नाही. तिच्या जिभेवर आलं आणि सांडलं. पण हे किचनमध्ये चहा गाळत होते आणि मधल्या दाराला पडदासुद्धा नव्हता.

सगळ्या गेल्यावर हे बाहेर आले. थर्मोस्टॅट उचलला आणि खालचं बटण दाबत राहिले. टिक टिक करत आकडा उतरत गेला आणि चौसष्टवर थांबला. इथं फॅरनहाइट चालतं. चौसष्ट म्हणजे घरात स्वेटर घालून बसायचं आणि भांडी घासल्यावर हात काखेत धरायचे.

“त्याचे पैसे फिटेपर्यंत ह्याच्या वर न्यायचं नाही.”

“अहो, शनिवारी मुलगी येतेय.”

“ती आणेल तिचं जॅकेट.”

“ती बाई सहज बोलली हो.”

“खरं तेच बोलली. उधारीची ऊब आहे ही. चटका बसतो मला.”

तेव्हापासून आमचं घर चौसष्टवर राहिलं. हे घरात माकडटोपी घालून वावरायचे. मी तोंड पाडलं की म्हणायचे, “काश्मीरला हनिमूनला आलोय असं समज. तेव्हा कुठं नेलं होतं तुला?” थट्टा चालायची, पण बटणाला हात लावू द्यायचे नाहीत. मुलगी खाली दक्षिणेतल्या अल्फारेटाहून यायची, तिकडे थंडी कमी. ती दारातच ओरडायची, “आई, it's freezing in here!” आणि बाबा तिच्या डोक्यावर दुसरी माकडटोपी घालायचे.

थंडीचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्या गोष्टीचं. ह्यांनी भावजींशी बोलणं सोडलं. भांडण नाही, शब्द नाही. पैसे दिल्यावरच त्याच्यासमोर ताठ उभा राहीन, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एकदा भावजी दुकानात आले आणि किचनच्या दाराशी उभे राहिले. “वहिनी, काय झालंय ह्याला? फोन उचलत नाही. डबा घेऊन पलीकडे जाऊन बसतो. माझं काही चुकलं का?”

माझ्या हातात पीठ होतं. त्यांच्या बायकोचं बोलणं मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांच्या घरात आग लागली असती. मी म्हटलं, “तब्येत बरी नसते हल्ली.” ते खोटं होतं. काही महिन्यांनी ते खरं झालं.

पोटातला आजार होता आणि फार पुढे गेलेला. शेवटी पुढच्या हिवाळ्यात हॉस्पिटलातून घरी आणलं. नर्स येऊन जायची. आतल्या खोलीत पलंगाशेजारी एक छोटं टेबल होतं, त्यावर औषधं, पाण्याचं भांडं, आणि मी रोज रात्री नेऊन ठेवायची तो थर्मोस्टॅट. आता तो तिथंच राहू लागला.

एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. पाय बर्फासारखे. ते टेबलाकडे बघत होते.

“अगं.”

“काय हवंय?”

“वाढव जरा.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा म्हणाले, “दोन वाढव. फार वाजतंय.”

डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते मी ऐकलं होतं, पण मनापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. त्या दुपारी ते आत गेलं. जो माणूस शब्दासाठी घरात टोपी घालून बसला, तो स्वतः म्हणतोय, वाढव. मी बटण दाबलं. सहासष्ट. अडुसष्ट. त्यांनी मान हलवली, अजून. खालून बॉयलरचा घुर्र आवाज आला. शहात्तरवर त्यांनी डोळे मिटले.

मग म्हणाले, “त्याचे राहिले गं.”

“मी देईन.”

“तू कुठून देणार?”

त्यांनी माझ्या पिठानं फाटलेल्या बोटांवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. तीन आठवडे ती खोली भट्टीसारखी होती. मुलगी आली की बाही सारून बसायची. त्या उबेतच ते गेले.

संस्कार करून घरी आलो आणि मी पहिलं काम केलं ते थर्मोस्टॅट परत चौसष्टवर आणला. आजारी माणसाला सूट होती, मला कशाची? मग घर बायकांनी भरलं. जिथं जीव गेला तिथं दिवा ठेवायचा, तेराव्यापर्यंत विझू द्यायचा नाही, वात दक्षिणेला. पलंग हलवला, औषधं गेली, त्या छोट्या टेबलावर मोठी पणती लागली. वारा लागू नये म्हणून कोणीतरी तिन्ही बाजूंनी पुठ्ठा उभा करून त्याला चांदीचा कागद लावला. ह्यांचा फोटो मागे कशाला तरी टेकवून ठेवला, हार घातला. मी फक्त तेल घालायची. दुसरं मला काही दिसत नव्हतं.

दोन दिवसांत घर गार पडत गेलं. चौसष्टचा गारवा माझ्या अंगवळणी होता, हा तो नव्हता. रेडिएटरला हात लावला तर दगड. नळाचं पाणी तोंडात घेववेना. मुलगी कोट घालून घरभर फिरली. सवयीनं हॉलमधला जुना गोल थर्मोस्टॅट फिरवून बघितला.

“आई, हा तर dead आहे. तो पांढरा कुठंय?”

“असेल इथंच.”

“इथंच means where?”

मला आठवेना. मीच त्याचं बटण दाबलं होतं, पण कुठं उभं राहून, ते डोक्यातून पुसून गेलं होतं. सगळं सामान दहा हातांनी हलवलेलं. तिनं खाली जाऊन बॉयलर बघितला. हिरवा दिवा होता, तरी तो गप्प. कंपनीला फोन केला, ते म्हणाले परवा येऊ. रात्री नणंदेचा भारतातून व्हिडिओ कॉल आला. आम्ही दोघी घोंगड्या पांघरून बसलेल्या तिला दिसल्या.

ती म्हणाली, “वहिनी, उगाच नाही हो घर असं गार पडत. दादाचा जीव कशाततरी अडकलाय. तिकडे कावळे तरी आहेत का पिंडाला शिवायला? आठवून बघा, काही इच्छा राहिली का त्याची?”

मुलगी म्हणाली, “आत्या, please. बॉयलर बिघडलाय.”

पण मी दिव्यात तेल घालायला उठले. आठवायचं काय होतं त्यात? त्याचे राहिले गं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी आले. ते स्मशानात सगळ्यांच्या मागे उभे होते, घरी आले नव्हते. दारात बूट काढायला वाकले आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, घर एवढं गार का?”

मुलीनं सांगितलं. ते खाली जाऊन आले. “बॉयलरला काही झालेलं नाही. त्याला कोणी तापव म्हणतच नाहीये. थर्मोस्टॅट कुठं ठेवता तुम्ही?”

मी म्हटलं, “ते असायचे तिथं.” आणि म्हणता म्हणताच मला कळलं.

आम्ही तिघं आतल्या खोलीत गेलो. भावजी दिव्यासमोर बसले, नमस्कार केला, आणि हळूच फोटो पुढे उचलला. फोटो ज्याला टेकवला होता तो थर्मोस्टॅट होता. पुठ्ठ्याच्या आत, पणतीला चिकटून. आकडा होता ब्याण्णव. एका कडेचा पांढरा रंग पिवळा पडला होता.

शेगडीजवळ ठेवू नका, असं भावजी म्हणाले होते. पण दिव्याला शेगडी कोण म्हणतं? तीन दिवस तो बिचारा खाली सांगत होता, पुरे, इथं खूप ऊब आहे. ह्यांच्या दिव्याएवढ्या जागेत ती होतीही.

मुलगी पणती उचलायला पुढे झाली, तसे भावजी ओरडले, “दिव्याला हात नाही लावायचा!” मग आवाज उतरवून म्हणाले, “बेटा, दिवा राहू दे. आपण ह्याला बाहेर नेऊ.” त्यांनी थर्मोस्टॅट बाहेर नेला आणि किचनच्या टेबलावर ठेवला. आकडा उतरू लागला. ऐंशी, सत्तर, साठ. त्रेपन्नपर्यंत आला, आणि तो उतरत असतानाच खालून घुर्र झालं. मी लहान मुलासारखी रडले. तोवर रडले नव्हते.

भावजींनी यंत्र जवळ घेऊन बघितलं. “चौसष्टवर का लावलाय? अडुसष्ट तरी करा.”

“नको.”

“नको काय? पोरगी कुडकुडतेय.”

“त्यांचा शब्द होता,” मी म्हटलं. “तुमचे पैसे फिटेपर्यंत वर न्यायचा नाही.”

ते खुर्चीत बसले. “म्हणून? म्हणून तो माझ्याशी...” टेबलावर डोकं टेकलं आणि म्हणत राहिले, “गाढव आहे. गाढव आहे साला. एकदा बोलायचं होतंस ना रे.” मग वर बघून म्हणाले, “वहिनी, मला एक पैसा नको. समजा, मिळाले.”

मी पुरुषांशी जास्त बोलत नाही. पण तेव्हा बोलले. “तुम्ही घेतले नाहीत तर त्यांना तिकडेही थंडी वाजेल, भावजी.”

त्यांनी हात जोडले. नको म्हणून की बरं म्हणून, ते मी विचारलं नाही.

तेराव्यानंतर मी दुकानात सकाळची पाळी वाढवून घेतली. शनिवारी पुरणपोळीच्या ऑर्डरी घरी करू लागले. महिन्याच्या शेवटी भावजी दुकानात आले की मी पाकीट पुढे करायची. ते निखारा धरावा तसं धरायचे आणि खिशात टाकायचे. मुलीनं सगळे एकदम देऊ केले होते. मी म्हटलं, तुझ्या बाबांचे आहेत, मला देऊ दे. ती म्हणाली, मग निदान स्मार्ट थर्मोस्टॅट लावून देते, मी इथून फोनवरून तुझं घर गरम ठेवीन.

“मला थंडी वाजली ते तुला तिथं कसं कळणार?”

“You'll tell me, आई.”

“सांगणं आमच्या घरात कोणाला जमलंय?” मी म्हटलं.

जुनाच ठेवला. पिवळ्या कडेचा. दसऱ्याला पाटावर त्याला कुंकू लावते आणि नवे सेल घालते. पहिल्या वर्षी सेल उलटे घातले, आकडाच उमटेना, तेव्हा ह्यांच्या नावानं मोठ्यानं हाक मारली. रात्री निजताना तो आतल्या खोलीत नेते. पलीकडची बाजू रिकामी. चौसष्टच असतो, पण आता जास्त गार लागतो.

मागच्या महिन्यात शेवटचं पाकीट होतं. ते दुकानात द्यायचं नव्हतं. बसनं त्यांच्या घरी गेले. दार भावजींच्या बायकोनं उघडलं. अंगात दोन स्वेटर, डोक्याला स्कार्फ. आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. तोच गारवा. माझ्या घरातला.

मी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत म्हणाली, “हे आकडा वर नेऊ देत नाहीत. तुमच्याकडून दिवा बघून आले ना, त्या दिवसापासून. मी सांगितलं त्यांना, हळदीकुंकवाला काय बोलले ते. तीन हिवाळे झाले.” आणि मग, “वहिनी, माझी जीभ...”

“बसा हो,” मी म्हटलं.

भावजी बाहेर आले. मी पाकीट दिलं. त्यांनी ते न मोजता देवासमोर ठेवलं. मग भिंतीपाशी गेले, तिथं त्यांचा थर्मोस्टॅट होता, आणि बटण दाबत राहिले. टिक टिक टिक. तोंड भिंतीकडेच ठेवून ते म्हणाले, “लेका, झालं रे. बस आता शेजारी डबा घेऊन.”

खाली कुठंतरी घुर्र झालं. आम्ही तिघं कोट-स्वेटर घालून, कोणी कोणाकडे न बघता, ऊब यायची वाट बघत बसून राहिलो. ती आली. पहिल्यांदा पायांना लागली. मी मनात त्यांना सांगितलं, फिटले हो सगळे.